उस्तादांच्या हाताखाली

सलग तिसऱ्या दिवशी उस्तादांनी ताट सरकवून दिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं, तेव्हा बेबीनं हात टेकले.

बेबी ही त्यांची मुलगी. वय त्रेपन्न, केस निम्मे पांढरे, गुडघे दुखरे. पण लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटलं नव्हतं. एका मोठ्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करणाऱ्या मशीनवर ती कामाला होती. तिनं लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर वडलांचं बघायला कोणीतरी हवं होतं, धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात स्थिरावला होता, आणि ते कोणीतरी म्हणजे बेबी, हे कोणी न ठरवताच ठरून गेलं.

वडलांना सगळं जग उस्ताद म्हणायचं. चौतीस वर्षं त्यांनी एका हॉटेलात तंदूरवर नान लावले होते. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस उरला नव्हता. कातडी चकचकीत, ताणून बसवल्यासारखी. तीन वर्षांपासून त्यांना विसरायला होत होतं. आधी चष्मा, मग वार, मग घराचा जिना. एका सकाळी त्यांनी चहा घेऊन आलेल्या बेबीला अदबीनं विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?" बेबी हसली होती. मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडून रडली होती.

पण जेवण बंद होणं हे वेगळंच होतं.

"बाबा, दोन घास तरी घ्या."

"कोण तू? काय कालवलंयस यात?"

त्यांना वाटायचं, कोणीतरी परकी बाई त्यांना विष घालतेय. भात नको, भाजी नको, चमचा तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायचे. डॉक्टरांनी वजन केलं आणि काट्याकडे बघतच म्हणाले, "मागच्या खेपेपेक्षा नऊ किलो उतरलेत. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल."

"ते उपटून टाकतील."

"मग हात बांधावे लागतात."

घरी येऊन तिनं भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेवू या ना त्यांना. तिथं नर्स असतात."

"तिथं हात बांधतात."

"तू थकलीयेस."

"थकलेय, तर तू ये ना चार दिवस."

"बघतो," तो म्हणाला. मग त्याची मीटिंग सुरू झाली.

चौथ्या दिवशी उस्ताद स्वतःहून बोलले. "नान आण."

बेबी चपला घालायचंही विसरली. कोपऱ्यावरच्या हॉटेलातून गरम नान कागदात गुंडाळून ती जिना चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती. उस्तादांनी नान उलटापालटा केला, हुंगला, कडेनं फाडला, तुकडा तोंडात टाकला आणि पिचकन थुंकला.

"सकाळचं पीठ आहे. मेलेलं. कोण आहे रे तंदूरवर?"

नान जमिनीवर पडला. पण बेबीचं लक्ष दुसरीकडेच होतं. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी तोंडात घातलं होतं. जेवायला नव्हे, चूक काढायला.

घरात तंदूर नव्हता, गॅसच्या दोन शेगड्या होत्या. नान कसा करतात हेही तिला धड ठाऊक नव्हतं. लहान असताना ती हॉटेलच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहायची, "मलाही लावू द्या" म्हणून हट्ट करायची, आणि उस्ताद तिला अक्षरशः कानाला धरून घरी पाठवायचे. आता रविवारी तिनं खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना विचारून मैदा, दही, यीस्ट, चिमूटभर साखर असं सगळं मळलं. पीठ फुगल्यावर लांबट लाटलं, एका बाजूला पाण्याचा हात फिरवला आणि ती बाजू खाली करून घरातल्या काळ्या गुळगुळीत फ्रायपॅनमध्ये टाकलं. वर फोड आले. आता पॅन गॅसवर पालथं धरायचं, म्हणजे वरची बाजू थेट जाळावर भाजते, असं शिंपीणबाईंनी सांगितलं होतं. बेबीनं पॅन पालथं केलं आणि नान बदकन बर्नरवर पडला.

घरभर धूर झाला. भिंतीला धरत धरत उस्ताद स्वयंपाकघराच्या दारात आले.

"हिला कोणी ठेवलं कामावर?"

बेबी चिमट्यानं जळका नान उचलत तशीच थांबली.

"नवीन आहेस?"

"हो," ती म्हणाली. "आजच लागले."

"दिसतंय ते. अगं, या भांड्याला नान चिकटेल तरी का? काचेसारखं आहे हे. बिडाचं आण. जड. आणि पाणी कसं लावतेस, लाजून? सबंध हात ओला कर."

तिनं त्याच दुपारी बिडाचं फ्रायपॅन आणलं. दोन्ही हातांनी उचलावं लागे इतकं जड. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पीठ मळलं. उस्ताद स्टुलावर बसले. पहिल्या नानचा तुकडा तोंडात. "कच्चा." दुसरा. "मिठाचा पत्ता नाही." तिसरा. "हे काय, जोडा शिवायचाय?" पण प्रत्येक वेळी ते चावत होते आणि बहुतेक वेळा गिळत होते. बेबी मनात घास मोजत होती. चार. सहा. सात.

मग त्यांनी तिला कामावरून काढलं. "उद्यापासून येऊ नकोस. आत्ताच निघ."

ती हसून म्हणाली, "राहू द्या ना उस्ताद." ते खवळले. ती घरात आहे तोवर पाण्यालाही शिवेनात. शेवटी ती खाली शिंपीणबाईंकडे जाऊन बसली. बाई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "काढलं ना? मग परत लाग. बेल वाजव."

तिनं वर जाऊन बेल वाजवली. दार उघडायला उस्तादांना बराच वेळ लागला.

"काम आहे का उस्ताद?"

त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नान लावता येतो?"

"शिकेन."

"ये आत."

तेव्हापासून बेबीला रोज सकाळी नोकरी लागायची आणि साडेनवाच्या आत जायची. मग दिवसभर शिंपीणबाई आपलं काम घेऊन वर येऊन बसत आणि बेबी लाँड्रीत. शिंपीणबाई गमतीनं म्हणायच्या, इतक्या नोकऱ्या कोणी केल्या नसतील. बेबीला गंमत वाटत नव्हती. पहाटे उठून तिचे डोळे चुरचुरत असत. पिठात ती दूध आणि लोणी चोरून घालायची, वजन थोडं तरी वाढावं म्हणून. उस्ताद ते दुसऱ्या घासाला ओळखायचे. दोनदा तिला कामावर पोचायला उशीर झाला. तिसऱ्यांदा सुपरवायझरनं सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, यायचं आहे की नाही?" मनगटावर पॅनच्या कडेचा चटका होता, त्यावर वाफ बसली की जीव कळवळायचा. कधी कधी चादर मशीनमध्ये सरकवताना तिच्या मनात यायचं, संपू दे एकदाचं. आणि लगेच तिच्या अंगावर काटा यायचा.

एका सकाळी उस्ताद जरा खुशीत होते. लाटलेल्या नानवर त्यांनी बोटानं टिचकी मारली. "माझी पोर आहे ना घरी, ती हे तुझ्यापेक्षा बरं करेल. भारी चलाख आहे. पण मी तिला तंदूरपाशी फिरकू देत नाही."

"का?"

त्यांनी बाही मागे सारून तो केस नसलेला हात पुढे केला. "हे असं होतं म्हणून. मुलीच्या हाताचं असं झालेलं बघवेल का मला?"

चाळीस वर्षं बेबी समजत होती की मुलगी म्हणून त्यांनी तिला हाकललं. तिनं पॅन गॅसवर पालथं धरलं. नान करपायला लागला तरी ते सरळ करायचं तिला सुचलं नाही.

सातव्या आठवड्यात नान जमला. कानाच्या पाळीसारखं मऊ पीठ, वर करपलेले बारीक फोड, आत पदर सुटलेला. उस्तादांनी पहिला घास घेतला आणि चूक काढली नाही. दुसरा घेतला. त्यांनी अख्खा नान संपवला, बोटं पुसली आणि म्हणाले, "आलं तुला."

त्या दिवशी लाँड्रीत ती विनाकारण सगळ्यांशी बोलत होती.

दुसऱ्या सकाळी तिनं बेल वाजवली. उस्तादांनी दार उघडलं.

"काम आहे का उस्ताद?"

"नाही. जागा भरली." त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "एक बाई मिळाली. हात चांगला आहे तिचा."

दार लागलं. बेबी किल्लीनं आत गेली तर ते ओरडले. तिनं केलेला नान त्यांनी हातातही घेतला नाही. "ती आल्यावर खाईन." ते खिडकीपाशी खुर्ची ओढून त्या बाईची वाट बघत बसले. तो दिवस गेला. दुसरा गेला. शिंपीणबाईंनी प्रयत्न केला, साखरेचं पाणी दिलं, तेवढं घोटभर गेलं. तिसऱ्या दिवशी बेबी त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांचे गुडघे धरून म्हणाली, "मीच ती. बघा ना. मीच रोज येते."

उस्तादांनी तिचे हात हळूच बाजूला केले. "खोटं बोलू नका बाई. तिला मी चांगला ओळखतो."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. रागानं की कशानं, तिला सांगता आलं नसतं. पीठ तयार होतं. तिनं एक गोळा वेडावाकडा लाटला, पॅनमध्ये आपटला, गॅस मोठा केला आणि करपू दिला. धूर निघाला तरी बघत उभी राहिली.

"कोण जाळतंय?" उस्ताद आले. गेल्या कित्येक महिन्यांत ते इतक्या जलद चालले नव्हते. "हट, हो बाजूला!" त्यांनी तिला खांद्यानं ढकललं, जळका नान उडवून दिला, दुसरा गोळा घेतला. लाटणं नको, काही नको; या तळव्यावरून त्या तळव्यावर चार वेळा फेकला आणि नान झाला. बेबी बघतच राहिली. मग त्यांनी पाण्याचा हात फिरवला आणि तंदूरच्या भिंतीवर दाबून लावावा तसा तो नान, सबंध तळव्यानं, तापलेल्या बिडावर दाबला.

तिनं त्यांचा हात खेचला तोवर बोटं नानच्या कडेबाहेर टेकली होती. उस्ताद ओरडले नाहीत. बेबीच ओरडली. तिनं त्यांना नळापाशी ओढत नेलं, हात पाण्याखाली धरला आणि इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. ती मोठ्यानं, लहान मुलीसारखी रडत होती.

उस्तादांनी दुसऱ्या हातानं तिच्या पाठीवर थोपटलं. "होतं गं. पहिल्या दिवशी सगळ्यांचंच भाजतं. बघू, फार लागलं का तुला?"

"नाही," ती म्हणाली.

दवाखान्यात त्यांच्या चार बोटांना पट्टी बांधली. घरी आल्यावर त्यांना भूक लागली होती, पण पट्टीच्या हातानं तुकडा तुटेना. बेबीनं नान मोडून त्यांच्या तोंडाशी नेला. तिला वाटलं, ओठ मिटतील. त्यांनी तोंड उघडलं.

हात महिन्याभरात बरा झाला, पण भरवणं तसंच राहिलं. नोकरी मागणं, काढणं, सगळं थांबलं. ती कोण आहे हे ते विचारेनासे झाले. हळूहळू तिच्या चुकाही काढेनासे झाले, आणि बेबीला ते सगळ्यात जड गेलं. पुढे चावणं होईना. मग ती नानचा आतला मऊ पदर दुधात भिजवून द्यायची. नळी घातली नाही. डॉक्टरांनी कागदावर तिची सही घेतली. भाऊ फोनवर म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर," आणि त्या एका वाक्याचा तिला पुढे कित्येक दिवस संताप येत राहिला.

हात भाजल्यानंतरच्या पाचव्या महिन्यात, एका मंगळवारी दुपारी, खिडकीपाशी बसल्या बसल्या उस्ताद गेले. शिंपीणबाई समोर शर्टाला काज करत होत्या. त्यांना वाटलं, डुलकी लागली. लाँड्रीत सुपरवायझरनं स्वतः मशीन बंद करून बेबीला बाहेर बोलावलं.

संध्याकाळी भाऊ पोचला. सगळं उरकून दोघं घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात सकाळचं पीठ फुगून पातेल्याबाहेर आलं होतं, ओट्यावर ओघळलं होतं. शिंपीणबाई म्हणाल्या, "टाकून देते मी ते." बेबीनं टाकू दिलं नाही. ती उभी राहिली आणि एकामागून एक नान लावत गेली, पीठ संपेपर्यंत.

भाऊ दुपारपासून उपाशी होता. उभ्या उभ्याच त्यानं दोन खाल्ले.

"मला ओळखलं असतं का गं त्यांनी?"

"नाही."

त्यानं बोटं पुसली. मग म्हणाला, "छान झालेत."

बेबीनं एक तुकडा तोडून तोंडात टाकला. सकाळी घाईत ती मीठच घालायला विसरली होती.

"मीठ नाहीये," ती म्हणाली.

"मला नाही जाणवलं," भाऊ म्हणाला आणि त्यानं तिसरा घेतला.