नांदेड ते हिंडन, दोन तास

नांदेड स्टेशनवर अमृतसरची गाडी हलली तेव्हा माझ्या मांडीवर नवाकोरा कुकर होता. खिडकीशी चालत आई म्हणाली, "पोहोचलीस की फोन कर. तोवर मी घरात केर काढणार नाही."

माणूस प्रवासाला निघालं की ते पोहोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हा तिचा नियम. नवऱ्याची दिल्लीत सरकारी नोकरी आणि गाझियाबादच्या नव्या सोसायटीत फ्लॅट. खिडकीतून मोहरीचं शेत दिसे. पुढे तिथे मॉल झाला. गाडीला दीड दिवस लागे, फोन शेजारच्या शर्माजींकडे. म्हणजे माझ्यापायी दोन दिवस घरात धूळ. बाबा चिडून म्हणत, "लेक दिल्लीला आणि आम्ही उकिरड्यात!"

बाबा गेल्याचा निरोप शर्माजींनीच आणला. मी पोहोचले तेव्हा अस्थीसुद्धा सावडून झाल्या होत्या. खूप रडले. पण आज खरं सांगते, आत कुठेतरी सुटकाही वाटली होती. बाबांचं जाणं मला बघावं लागलं नाही. दोष अंतराचा, माझा नाही.

तुमच्यातले जे गावीच राहिले त्यांना हे पटायचं नाही. जे माझ्यासारखे निघाले, त्यांना बिल्कुल कळेल.

मग घरापासून अर्ध्या तासावरच्या हिंडन विमानतळावरून नांदेडला विमान सुरू झालं. नातवाने नकाशावर पट्टी ठेवून दाखवलं, "आजी, एकदम सीधी लाइन! हजार किलोमीटर, बस दो घंटे." सोसायटीतल्या मराठी मंडळींनी पेढे वाटले. मी मात्र माझा पेढा नातवाला देऊन टाकला. विमानाची भीती नव्हती. आई पंच्याऐंशीची होती, आणि आता मला उशीर होणार नव्हता.

एका सकाळी धाकट्या भावाचा, सुधीरचा फोन आला. "ताई, आईने जेवण सोडलंय. निघतेस का?"

पूर्वी म्हटलं असतं, रिझर्व्हेशन बघते. आता कसलं रिझर्व्हेशन! दुपारी विमानात बसले. पट्ट्याचं टोक सापडेना. शेजारच्या सरदारजींनी न विचारता माझा पट्टा लावून दिला. ते नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात, हजूर साहिबच्या दर्शनाला आनंदाने निघाले होते. मी मात्र मनात म्हणत होते, धुकं पडू दे, विमान परत फिरू दे. आईकडे जाताना असं मागणारी मी! लाज वाटली, पण भीती हटली नाही. दोन तास केव्हा संपले कळलंच नाही.

घरात पाऊल टाकलं तर पायाखाली कचकच. सुधीरची बायको शालन दारातच म्हणाली, "सकाळपासून झाडू दिलं नाही आईंनी."

आईने डोळे उघडले. "पोहोचलीस? शालन, आता केर काढ गं."

मी शालनच्या हातून केरसुणी घेतली आणि आईच्या खाटेखालून सुरुवात केली. चार दिवसांनी आई गेली. तिचा हात माझ्या हातात होता. मी भयंकर घाबरले होते, पण हात सोडला नाही.

तेराव्यानंतर परत निघाले. खिडकीशी चालणारं आता कोणी नव्हतं. माझं असं तिथे काय उरलं, याच विचाराने विमानात जीव घाबराघुबरा झाला होता. हिंडनला उतरून सवयीने फोन लावला.

शालन म्हणाली, "पोहोचलात का ताई? बरं झालं. केर तसाच पडलाय, आता काढते."