सोळा नंबरचा कप्पा

सकाळी दाढी करत होतो, तेव्हा मेहकरहून फोन आला. वानखडेसाहेब गेले. अर्धी दाढी तशीच ठेवून मी खुर्चीत बसलो... त्याला आता सहा आठवडे झाले. लगेच लिहायला घेतलं असतं, तर चार गोड ओळी लिहून मोकळा झालो असतो. आता तसं लिहवत नाही.

मेहकरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी नव्यानं लागलो तेव्हा ते आमचे सीनियर टेक्निशियन होते. आधी चहा, मग शिव्या, मग धडा, अशी त्यांची शिकवायची पद्धत. डिजिटल लाइन नुकतीच आली होती. ते कागदावर बत्तीस चौकोन काढायचे. एकाच लाइनीत बत्तीस कप्पे. तीस कप्प्यांतून माणसं बोलतात. शून्य नंबरचा दोन्ही टोकांच्या यंत्रांचा ताल जुळवतो. आणि सोळा नंबरच्यातून नुसते निरोप जातात: कोणाला कोणता नंबर हवा, घंटी वाजव, पलीकडे उचलला, यानं ठेवला. "त्याच्यात कोनी बोलत नाही बे. पन तो बंद पडला का तीसही मुके," ते बजावायचे.

मी मान डोलावली आणि विसरलो. एका दुपारी ते जेवायला घरी गेले असताना मी एकेक कप्पा कानाला लावून पाहिला. सोळाव्यात कोणाचाच आवाज नव्हता. रिकामा पडलाय, तर गावाला बोलायला एक कप्पा वाढवून देऊ, या हुशारीनं मी त्याला बोलण्याच्या यादीत घातलं. बाहेरगावचे सगळे फोन बंद! मी घामाघूम होऊन तीसच्या तीस कप्पे तपासत बसलो, सगळे ठणठणीत. साहेब धावत आले, त्यांनी यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

वरच्या अधिकाऱ्यासमोर चौकशी झाली. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी टेबलाखाली माझा पाय दाबला. "माझ्या हातून झालं, साहेब," ते अधिकाऱ्याला म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुही नोकरी कच्ची हाये अजून. मायी पक्की हाये. चूप बस."

शिक्षा म्हणून त्यांची बदली पार जळगाव जामोदला झाली. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिच्यापाशी वहिनी मेहकरातच राहिल्या. साहेब शनिवारी एसटीनं यायचे, सोमवारी पहाटे निघायचे. अशी तीन वर्षं. म्हातारी गेली तेव्हाही ते जळगाव जामोदलाच होते. इकडे मी पक्का झालो, बढती घेतली आणि गप्प राहिलो. पुढच्या भेटीत वहिनींची माफी मागू, असं दर भेटीत ठरवायचो. भित्रा होतो, दुसरं काय!

गेल्या रविवारी वहिनींसमोर बसून सगळं सांगून टाकलं. त्यांना ठाऊक असेलच, असं मी धरून चाललो होतो. त्या रागावतील, मी माफी मागेन, ओझं उतरेल...

वहिनी म्हणाल्या,

"त्यायनं मले कधीच नाही सांगतलं, भाऊ. मी तं त्यायलेच बोलत होती. तुमच्या एका चुकीपायी माय तुमच्याबिगर गेली म्हून... मागच्या दिवाळीलेही बोलली. ते नुसते खाली पाहत."

वहिनी उठल्या, खिडकीजवळच्या साहेबांच्या आरामखुर्चीपाशी गेल्या. तिच्या पाठीवर हात ठेवून "अहो..." एवढंच म्हणाल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.