ताप असेल तरच

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहायचे, ते फक्त आजारी मुलं सांभाळायचे. बरी मुलं नाहीत. बऱ्या मुलाला घेऊन कुणी दारात गेलंच, तर ते चष्मा कपाळावर चढवून त्याच्या मानेला हाताची पालथी बाजू लावायचे आणि म्हणायचे, "ह्याला ताप नाही. शाळेत पाठवा." मग तुमची मीटिंग असो की विमान सुटत असो. इमारतीतली पोरं त्यांना फीवर अंकल म्हणत. मी काका म्हणायचे, कारण ते मूळचे नांदेडकडचे होते, आणि हैदराबादेत नामपल्लीच्या त्या गल्लीत कुणाशी मराठीत बोलायला मिळणं हेच मला अप्रूप होतं.

मी पुण्याची. नवरा रेल्वेत, सिग्नलच्या खात्यात, म्हणून स्टेशनाजवळ घर घेतलेलं. तो कामाला लाईनवर गेला की फोन लागत नाही, आणि लागला तर ऐकू येत नाही. निनू तीन वर्षांचा झाल्यावर मी पुन्हा नोकरी धरली. अमीरपेटला मेट्रो बदलून हायटेक सिटी गाठायची, दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं, परत यायचं. मी प्रोबेशनवर होते, आणि माझ्या मॅनेजरबाईंनी पहिल्याच आठवड्यात गोड आवाजात सांगून टाकलं होतं की आयांना घ्यायला त्यांची हरकत नसते, पण रजांना असते. त्याच आठवड्यात निनूचं पाळणाघर सुरू झालं आणि त्याला जगातले सगळे ताप यायला लागले.

पाळणाघरवाल्या बाई वाहत्या नाकाकडे डोळेझाक करायच्या. पण अंग गरम लागलं की फोन आलाच, "घेऊन जा." मी निनूला मांडीवर घेऊन सगळीकडे फोन फिरवायचे. सासूबाई आणि आई दोघी पुण्यात, एकीला गुडघे धरून बसलेले, दुसरीला माझे वडील. दोन महिन्यांत माझ्या रजा संपल्या. आणखी एक घेतली असती तर नोकरी गेली असती, हे मला माहीत होतं आणि मॅनेजरबाईंनाही. त्या दिवशी सकाळी निनू पुन्हा तापला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची लावण्या मला लिफ्टपाशी रडवेली बघून म्हणाली, "नीचे अंकल को पूछो ना. मेरी जानू वहीच रहती."

मी पूछायला गेले. लाकडी दार सताड उघडं, बाहेरचं जाळीचं लावलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली दिवाण, त्यावर घडी घातलेलं वर्तमानपत्र. त्यांची बायको, म्हणजे काकू, नोकरी करायच्या, पण त्या दिवशी रजेवर होत्या, म्हणून माझा जीव जरा भांड्यात पडला. अनोळखी पुरुषमाणसाकडे मूल ठेवायचं म्हणजे धास्ती वाटणारच की. मी बरंच काही बोलले. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "ताप आहे का?"

"हो, आहे हो," मी म्हटलं, जणू काही माझीच चूक होती.

"हौ, मग आणा की. अन् त्याची वाकळ आणा."

आमच्याकडे कुठली वाकळ? आमच्याकडे ऑनलाइन मागवलेली डायनोसॉरची दुलई होती. ती त्यांनी चिमटीत धरून बघितली आणि ठेवून घेतली. त्यांच्या अटी चार होत्या. मुलाचं पांघरूण घरचं पाहिजे. आईबापांनी दिवसा फोन करायचा नाही. त्यांचा फोन आला तर मात्र कशाला, काय झालं विचारायचं नाही, निघायचं. आणि संध्याकाळी आल्या आल्या मुलाला उचलून न्यायचं नाही, काकांचा चहा होईपर्यंत बसायचं. "लेकरू दिवसभर वाट बघतंय," ते म्हणायचे, "तुम्ही आलात, हे त्याला नीट बघू द्या. मग न्या." पैशाचं नाव काढलं की ते उठून चहाचं आधण ठेवायला जायचे.

मी त्या संध्याकाळी धावतपळत आले तर निनू वरणभात खाल्लेला, औषध घेतलेला, दिवाणावर लोळत पंख्याकडे बघत होता. घरी औषधाचा एक चमचा पाजायला मला आणि नवऱ्याला मिळून चार हात पुरायचे नाहीत. मी विचारलं, "काय केलं रे दिवसभर?" तो म्हणाला, "काही नाही."

आता मी मुळात भोचक. हे उत्तर मला पटेना. पुढच्या वेळीही तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. गोष्टी सांगितल्या का? नाही. टीव्ही? नाही. खेळलात? नाही. मग? काही नाही. वॉचमनची बायको रोज त्या दारावरून दहादा जायची, तिला विचारलं, तर ती म्हणाली, "कुछ भी नै करते अम्मा. अंकल अपना काम करते, बच्चा पडे रहता." लावण्याची जानू तेव्हा पाच वर्षांची, चुरुचुरु बोलणारी, तिनेही खांदे उडवले. त्यात एकदा रात्री निनू झोपेत पुटपुटला, "जोगीपेट... पिटलम... मदनूर..." मी नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, "औषधांची नावं असतील." दुसऱ्या दिवशी मी मेडिकलवाल्याला विचारलंसुद्धा. तो माझ्याकडे बघतच राहिला.

निनूला मात्र तिथे जायची इतकी गोडी लागली की एके सकाळी त्याने दोन्ही तळवे कपाळावर आणि मानेवर घासघासून अंग गरम केलं. मी घाईत हात लावला, म्हटलं आला ताप, आणि दुलईसकट त्याला खाली नेलं. काकांनी हाताची पालथी बाजू लावली, मग त्याचे तळवे उलटे करून बघितले. लालबुंद. "शाळेत पाठवा," ते म्हणाले. निनू जाळीच्या दाराला धरून ओरडत राहिला, काका आत जाऊन तांदूळ निवडत बसले. मला त्यांचा भयंकर राग आला होता, कारण मला त्या दिवशी उशीर झाला. एरवी लिफ्टपाशी ठणठणीत निनू भेटला तर ते नुसती मान हलवायचे, ओळख असल्यासारखी नसल्यासारखी. लोक मुलांचा ताप उतरवायला बघतात, हे मुलाच्या तापाचेच मित्र, असं मी नवऱ्याला म्हणायचे.

त्यांचा फोन मला एकदाच आला. माझं काम मॅनेजरबाईंच्या वरच्या साहेबांना दाखवायचं होतं, त्यावर माझं कायम होणं ठरणार होतं. मी पहिल्या स्लाइडवर होते. फोन थरथरला. "या," ते म्हणाले, आणि ठेवला. मी लॅपटॉप बंद केला, "मुलगा आजारी आहे" एवढंच म्हटलं आणि निघाले. पोचेपर्यंत ते निनूला दुलईत गुंडाळून गल्लीच्या तोंडाशी रिक्षात बसलेले होते. "पाणी घेईना," ते म्हणाले, "अन् हाक मारली तर बघेना." दवाखान्यात सलाईन लागलं, दोन दिवसांत पोरगं उठून बसलं. माझं कायम होणं लांबलं, पण नोकरी राहिली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी त्या दोन दिवसांत ऑफिसचा विचार केला नाही असं म्हणणार नाही. केला, आणि आपण उठून आलो याचं मला पहिल्यांदाच बरं वाटलं.

दिवसभर काय चालतं हे कोडं सुटलं ते मीच आजारी पडले तेव्हा. निनू पाळणाघरात, नवरा लाईनवर, आणि मी अंगात ताप घेऊन मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले. काका निनूची विसरलेली पाण्याची बाटली द्यायला वर आले. दारातूनच माझ्याकडे बघून म्हणाले, "ताप आहे ना ताई? मग चला खाली. वाकळ घ्या." मी नको नको म्हणत गेले. सदतिसाव्या वर्षी, डायनोसॉरची दुलई घेऊन.

आणि मग काही नाही. खरोखरच काही नाही. मी दिवाणावर आडवी झाले. काका खाली चटईवर अंबाडीची जुडी घेऊन बसले. ती ते गौलीगुड्याहून ताजी आणायचे. पानं एकीकडे, देठं एकीकडे. मग तांदूळ निवडले. मग काकूंच्या साडीला इस्त्री केली. मला एकदाही विचारलं नाही की बरं वाटतंय का, डोकं दुखतंय का, चहा हवाय का. तहान लागेल तेव्हा उशाशी पाणी होतं. आणि हात चालू असताना ते स्वतःशीच, हळू, एका सुरात बोलत होते, "संगारेड्डी, जोगीपेट, पिटलम, मदनूर, देगलूर, नरसी, नायगाव, नांदेड." पुन्हा पहिल्यापासून. मी किती वर्षांनी दुपारी झोपले ते मला आठवत नाही. उठले तेव्हा अंग हलकं झालं होतं आणि अंबाडी शिजल्याचा आंबूस वास घरभर होता.

"काका, ते काय म्हणत होता?"

ते जरा लाजले. "सवय आहे. जन्मभर गौलीगुड्याच्या स्टँडवर गाड्या पुकारल्या. हात चालू झाले की तोंड चालू होतंय."

मग मी विचारलंच, की आजारीच मुलं का. त्यांनी इस्त्रीची वायर गुंडाळत सांगितलं. "आमची सुजाता लहान होती. अशीच तापली. हिच्या ऑफिसात तपासणी, माझी ड्युटी. कोणाकडं ठेवावं? सगळ्यांनी हात वर केले. घेऊन गेलो स्टँडवर. माईकच्या टेबलाखाली पोतं टाकलं, त्यावर वाकळ, अन् निजवली. मी वरून गाड्या पुकारायलो, ती खाली. साहेब आले, वाकून बघितलं. मला वाटलं, आज गेली नोकरी. ते तसेच निघून गेले. दिवसभर मला तिला काय विचारायला टाईमच नव्हता. सांजच्याला ताप उतरला. घरी येऊन म्हणती, बाबा, उद्या पण ताप येऊ द्या." ते हसले. "तवा कळलं. आजारी लेकराजवळ माणूस पाहिजे, पण त्याच्या मागं नको. मी माझं काम करायलो, ते त्याचं आजारपण करायलंय. बस. अन् बऱ्या लेकराला काय, शाळा आहे, पाळणाघर आहे. ताप आला की कोणी घेईना."

मला एकदम माझ्या घरच्या दुपारी आठवल्या. मी घरी असले की दर पाच मिनिटांनी थर्मामीटर, मध्येच कार्टून, मध्येच सूप, "बरं वाटतंय का राजा, सांग ना." त्या पोराला आजारी पडायला मी उसंतच देत नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात काकू निवृत्त झाल्या. सुजाता नांदेडला कॉलेजात शिकवते, तिला मूल झालं होतं, तिची रजा संपत आली होती. "नातवाचं तापाचं वय झालं," काका म्हणाले. मी अगदी कोरड्या आवाजात अभिनंदन केलं. खरं तर मी घाबरले होते. माझी नोकरी नुकतीच कायम झालेली, आणि ती ज्याच्या आधारावर झाली तो माणूस सामान बांधत होता.

आम्ही स्टँडवर पोचवायला गेलो. लावण्या आणि जानू पण आल्या. वर लाउडस्पीकरमधून रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज गाड्या सांगत होता. काका मान वर करून ऐकत म्हणाले, "आता मशीन पुकारतंय. चूक नाही करत." बस लागली, काकू चढल्या. निनू आमच्यामागे लपून काहीतरी करत होता. बघते तर दोन्ही तळव्यांनी कपाळ घासत होता, जोरजोरात, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकांनीही पाहिलं. ते त्याच्यासमोर खाली बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि त्याच्या मानेला हाताची पालथी बाजू लावली. बराच वेळ लावून ठेवली.

"आहे," ते म्हणाले. "थोडा आहे."

आणि कंडक्टरने दोनदा बेल मारेपर्यंत ते त्याला कडेवर घेऊन फलाटावर उभे राहिले. माझ्या पाहण्यातलं त्यांचं हे एकच खोटं.

मी दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरबाईंकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता मागितलं, की मुलगा आजारी असेल तेव्हा मला घरून काम हवं. रोज नको, ताप असेल तरच. त्या म्हणाल्या, करून बघू. लावण्याही तिच्या ऑफिसात तेच बोलली. आता निनूला ताप असो की जानूला, जिला त्या दिवशी जमेल तिच्या घरी मूल राहतं, आपापलं पांघरूण घेऊन. दार उघडं, जाळी लावलेली.

परवा दोघंही एकदम तापले. लावण्याला जाणं भाग होतं, म्हणून दोघं माझ्याकडे. दुपारी माझा कॉल संपला, मी लॅपटॉप मिटून चटईवर अंबाडी घेऊन बसले. दोन्ही पोरं चुळबुळत होती. निनू म्हणाला, "आई, पुकार ना."

मी हळू सुरू केलं. "संगारेड्डी, जोगीपेट, पिटलम, मदनूर..." आणि अडकले. पुढचं काही केल्या आठवेना.

"देगलूर," जानू म्हणाली, डोळे मिटलेलेच. या पोरीने हैदराबादेबाहेर कधी पाऊल टाकलेलं नाही.

"नरसी," निनू म्हणाला. "नायगाव. नांदेड." मग त्याने विचारलं, "अंकल उतरले?"

"उतरले रे."

"तिथे कुणाला ताप आहे?"

काकांची अशी आठवण आली की हातातली जुडी मला दिसेनाशी झाली. "असेल," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," निनू म्हणाला, आणि भिंतीकडे वळून झोपी गेला.