डाळीच्या डब्यातली लग्नं

तेलगावच्या चौकात शिवलिंगआप्पांचं किराणा दुकान आहे. त्या दुकानाला मधोमध पत्रा ठोकून अर्ध्या भागात त्यांच्या मुलानं, संगमेश्वरनं, स्टुडिओ थाटलाय. एका अंगाला शेंगदाणे आणि तेल, दुसऱ्या अंगाला लग्नाचं शूटिंग. चाळिशी ओलांडलेला, पोट थोडं सुटलेला, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग आणि त्यावर कॅमेऱ्याचा पट्टा, असा हा गडी. बापाला सगळं गाव आप्पा म्हणतं, म्हणून ह्यालाही आप्पाच म्हणतं. पत्र्याच्या कुठल्या बाजूला उभं राहून हाक मारली त्यावरून कोणता आप्पा ते ओळखायचं.

संगमेश्वरची एक खोड सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. एकदा केलेलं शूटिंग तो पुसत नाही. दुसरे शूटिंगवाले पेनड्राइव्ह हातात ठेवला की मोकळे होतात. हा मात्र प्रत्येक लग्न हार्ड डिस्कवर चढवतो, ती डिस्क जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळतो आणि बापाच्या दुकानातल्या रिकाम्या डब्यात ठेवतो. शेतकऱ्यांची लग्नं तुरडाळीच्या डब्यात, पुढाऱ्यांच्या घरची काजूच्या बरणीत, साखरपुडे अर्थातच साखरेच्या डब्यात. बायकोनं, ईश्वरीनं, एकदा दिवाळीच्या चकल्या ठेवायला डबा उघडला तर आत निवांत झोपलेली सात-आठ लग्नं निघाली. लोक घरात सोनं दडवतात आणि तुम्ही लोकांच्या वराती दडवता, असं ती म्हणाली आणि चकल्या बादलीत ठेवल्या. तेव्हापासून त्या घरात डब्याच्या जागेवरून रोज खटका उडतो. संगमेश्वर ऐकून घेतो, मान डोलावतो आणि पुढच्या लग्नाला आणखी एक डबा मागतो.

पण ईश्वरीचाही नाइलाज होतो, कारण मधूनच कोणीतरी दारात येऊन उभं राहतं. आष्टीकडचा अंगद ऊसतोडीला कर्नाटकात गेला होता, तिथं कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, त्याचा पेनड्राइव्ह हरवला. लग्नात नाचलेला त्याचा म्हातारा आता उरला नव्हता. तो अवघडून विचारायला आला आणि संगमेश्वरनं तुरडाळीचा डबा उतरवून त्याचा बाप त्याला नाचताना दाखवला. अंगद दुकानाच्या पायरीवर बसून रडला आणि हसलाही. त्या दिवशी ईश्वरीनं नवऱ्याला न मागता चहा दिला.

तर ठेवण्याच्या बाबतीत हा माणूस असा हावरा. चित्र घेण्याच्या बाबतीत मात्र पक्का चिक्कू, आणि त्याला कारणही तसंच आहे. आजकाल लोकांना नवरीच्या मुंडावळीचा मणी न् मणी स्पष्ट दिसायला हवा असतो. असं शूटिंग केलं की कॅमेऱ्यातलं कार्ड बघता बघता भरतं. त्यातून आपल्याकडचं लग्न म्हणजे अर्धं लग्न आणि अर्धी सभा. मुहूर्त टळून जातो, कोणीतरी मोठा माणूस मांजरसुंब्याच्या पुढं निघालाय असा निरोप येत राहतो आणि तोवर मांडवात सत्कार सुरू होतात. आजी-माजी सरपंच, चेअरमन, त्यांचे मेहुणे, मेहुण्यांचे मित्र. प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ. सगळं टिपत बसलं तर अक्षता पडायच्या वेळी कार्डात जागा उरायची नाही. आणि टिपलं नाही तर ज्याचा सत्कार सुटला तो पुढच्या निवडणुकीपर्यंत विसरत नाही.

ह्यावर संगमेश्वरनं तोड काढली होती. मांडवात मोठा पडदा लावायचा आणि कॅमेऱ्यातलं चित्र थेट त्याच्यावर सोडायचं. फेटा बांधून घेणारा माणूस स्वतःला हत्तीएवढा बघतो आणि खूश होऊन खाली उतरतो. पडद्यावर दिसलं म्हणजे कार्डातही गेलं, अशी सगळ्यांची ठाम समजूत. प्रत्यक्षात बटण दाबलेलंच नसायचं. खरोखरचा महत्त्वाचा माणूस आला की नावं पुकारणारा बजरंग माइकवर खाकरायचा, मग बटण दाबायचं. बजरंगला अख्ख्या तालुक्याची नातीगोती पाठ होती, त्यामुळे इतकी वर्षं ह्या व्यवस्थेत कधी चूक झाली नव्हती.

आणखी एक पद्धत त्यानं ठरवून ठेवली होती. मांडवात भोंग्यांचा इतका गोंगाट असतो की माणसांचं बोलणं कॅमेऱ्याला ऐकूच येत नाही. म्हणून सकाळीच तो नवरीच्या बापाच्या खिशात काडेपेटीएवढं रेकॉर्डर टाकायचा. आवाजाला जागा लागते ती किती, दिवसभर चालू राहिला तरी कोपऱ्यात बसतो. तासाभरात बाप ते विसरून जायचा आणि मग पाठवणीच्या वेळी लेकीच्या कानात तो काय बोलला ते स्वच्छ मिळायचं. संगमेश्वरच्या फिल्म बघून बायका रडतात त्याचं गुपित हे.

गेल्या उन्हाळ्यात राधाकिशनरावांच्या तेजश्रीचं लग्न निघालं. राधाकिशनराव म्हणजे उसाचा मोठा बागायतदार, सोसायटीचा चेअरमन, आवाज असा की माइक नसला तरी चालावा. त्यांच्या घरात एक ठसठसणारी गोष्ट होती. त्यांचा सख्खा मेहुणा, आष्टीचा सुंदरराव, एका निवडणुकीत उलट्या बाजूला उभा राहिला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद, येणं-जाणं बंद. भरडली गेली ती मधली, राधाकिशनरावांची बायको बायनाबाई. ती सुंदररावाची थोरली बहीण. इतक्या वर्षांत ती माहेरचा उंबरा चढली नव्हती आणि त्याबद्दल घरात तोंडातून शब्दही काढला नव्हता. लग्नाचं आवतण तेवढं तिनं धाडलं. मामाशिवाय भाची बोहल्यावर चढायची कशी, एवढाच निरोप होता.

सुंदरराव आला. पण असा गुपचूप आला की सत्कारांच्या गर्दीत कोणाच्या ध्यानातही आलं नाही. बजरंगच्या हातात चिठ्ठी पडली, त्यानं आष्टीचे सुंदरराव एवढंच पुकारलं. आष्टी बजरंगच्या तालुक्याबाहेरची. तो खाकरला नाही. संगमेश्वरनं कॅमेरा रोखला, पडद्यावर चित्र सोडलं आणि बटणाला हात लावला नाही. पडद्यावर लोकांना काय दिसलं, तर राधाकिशनराव हातातला फेटा घेऊन जागच्या जागी थिजले, मग तो फेटा कोणाच्या तरी हातात कोंबून त्यांनी मेहुण्याला मिठी मारली. अख्खा मांडव उठून उभा राहिला. संगमेश्वरच्या डोक्यात उजेड पडून त्यानं बटण दाबलं तोवर दोघं वेगळे झाले होते आणि कॅमेऱ्यापुढं पुढच्या सत्कारमूर्तीची पाठ होती.

बायनाबाई त्या वेळी आतल्या खोलीत लेकीला पिवळी साडी नेसवत होती. नंतर भाऊ आत येऊन तिला भेटला, मामा भाचीला घेऊन बोहल्याकडे गेला, ते सगळं कॅमेऱ्यात नीट आलं. पण ती मिठी सगळ्या गावानं बघितली आणि तिनं तेवढी बघितली नाही. पाठवणी झाल्यावर, रडून डोळे सुजलेली बायनाबाई संगमेश्वरजवळ आली.

"आप्पा, मला बाकी काई नको बग," ती म्हणाली. "माजा भाऊ अन् हे गळ्यात पडले, तेवडं मला दाव."

संगमेश्वरनं हो म्हणून मान हलवली. नाही म्हणायला जीभ उचलली नाही.

पुढचे दिवस त्याला अन्न गोड लागेना. लग्नात फोन घेऊन फिरणाऱ्यांकडे त्यानं चौकशी केली. पण दुसऱ्याच्या सत्काराचं शूटिंग फोनवर करणारा माणूस अजून बीड जिल्ह्यात जन्माला यायचाय. त्या वेळी सगळ्यांच्या फोनमध्ये एक तर जेवणाच्या पंगती होत्या किंवा स्वतःचे फेटे. कार्ड खराब झालं म्हणून सांगावं, असं बजरंगनं सुचवलं. धंद्यातले सगळे तेच सांगतात. संगमेश्वरलाही क्षणभर ते पटलं. पण डबे भरभरून दुसऱ्याची लग्नं जपणाऱ्यानं कार्डाला दोष द्यायचा, ह्याची त्याला स्वतःचीच लाज वाटली. ईश्वरीला सांगितलं तेव्हा ती टोमणा मारेल असं त्याला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली की त्या बाईला खोटं सांगू नका, ती आधीच लई वर्षं गप्प बसलीय.

मग खिशातलं रेकॉर्डर आठवलं. त्यानं कानाला हेडफोन लावला आणि राधाकिशनरावांचा दिवस ऐकायला घेतला. आचाऱ्याला दिलेल्या शिव्या निघाल्या. वाटेतच असलेल्या मोठ्या माणसाबद्दल त्यांनी पुटपुटलेली मतं निघाली, ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. ह्या शूटिंगवाल्याचं पोट सगळीकडं मधी येतंय, हेही निघालं. आणि मग ती जागा आली. संगमेश्वरनं ती एकदाच ऐकली, हेडफोन काढला आणि पत्र्याला टेकून बसून राहिला.

मांडवपरतणीला तेजश्री माहेरी आली तेव्हा फिल्म बघायचं ठरलं. मोठ्या टीव्हीपुढं सगळं घर बसलं. मुद्दाम बोलावल्यामुळे सुंदररावही आला होता. बायनाबाई सगळ्यांत पुढं, पदर सावरून, कीर्तनाला बसावं तशी. हळद झाली, सत्कार सुरू झाले आणि संगमेश्वरनं चित्र थांबवलं. तो उभा राहिला आणि जे झालं होतं ते सांगून टाकलं. पडद्याचं, बटणाचं, बजरंगच्या खाकरण्याचं, सगळंच.

बायनाबाईचा चेहरा उतरला तो बघवेना. राधाकिशनराव मात्र उठून उभे राहिले. एवढा दांडगा पडदा लावला, परक्या माणसांनी पोटभर बघितलं आणि जिच्यासाठी बघायचं तिलाच दाखवायला नाही, म्हणजे शूटिंग केलं कोणाचं, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. संगमेश्वरनं खाली मान घातली.

"चित्र न्हाई माज्याकडं," तो म्हणाला. "आवाज हाय. तुमच्या खिशातला."

राधाकिशनरावांचा हात नकळत खिशाकडं गेला. त्या दिवशी आपण काय काय बोललो ह्याचा हिशोब त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसू लागला, विशेषतः मोठ्या माणसाबद्दलचा. ते लावायची काही गरज नाही, असं ते घाईनं म्हणाले. तेवढ्यात सुंदरराव म्हणाला की त्यात माझंही बोलणं आहे, माझी काही हरकत नाही, आणि आक्कानं ऐकावं असं मला वाटतं. बायनाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. ती नुसती बघत राहिली. राधाकिशनराव खाली बसले आणि त्यांनी हातानंच लाव म्हणून खूण केली.

आधी भोंग्याचा गलका आला, मग कापडाची खसखस, दोन छात्या एकमेकींवर आदळल्याचा आवाज. मग अगदी कानाजवळचा सुंदरराव.

"दाजी, लई उशीर केला म्या."

"अजून अक्षदा पडल्या न्हाईत, पाव्हणं. उशीर कावून म्हणताव?" राधाकिशनरावांचा आवाज असा बारीक होता की ओळखू येईना. "चूक माजी बी हाय. तुमच्या बहिणीनं इतक्या वर्सांत एक शबुद काढला न्हाई मला. भांडली असती तर बरं झालं असतं. तिचं गप्प तोंड बगून मलाच रातीला झोप यीना. जावा, आदी तिला भेटा. मी हितं हाय तसाच उबा ऱ्हातो."

संगमेश्वरनं तिथं थांबवलं. राधाकिशनराव भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. सभेत तासन् तास बोलणाऱ्या माणसाला नजर कुठं ठेवावी ते कळत नव्हतं. तेजश्री आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत रडत होती. बायनाबाईनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि परत लाव म्हणाली. परत लावलं. आणखी एकदा लावलं. चौथ्यांदा ती म्हणाली की राहू दे ती फिल्म, चित्रात हे बोलणं मला कुठं ऐकू आलं असतं.

मग तिनं कमरेचा फोन काढून संगमेश्वरपुढं धरला. ह्यात घालून दे, म्हणजे मला वाटेल तेव्हा ऐकता येईल. संगमेश्वरनं पाठवायला घेतलं तर फोननं जागाच नाही म्हणून सांगितलं. तो उघडून बघतो तर फोन काठोकाठ भरलेला. भजनं चार-दोन, नातेवाइकांचे फोटो थोडे, आणि बाकी सगळी राधाकिशनरावांची भाषणं. सोसायटीतली, कारखान्याच्या गेटवरची, शाळेच्या झेंडावंदनाची. प्रत्येक भाषण ते घरच्या ग्रुपवर टाकायचे आणि नवऱ्याचं बोलणं पुसायचं कसं म्हणून तिनं एकही काढलं नव्हतं.

"काकी, आवाजाला जागा लई लागत न्हाई," संगमेश्वर म्हणाला. "ह्यातलं एक भाषण काडलं तरी बास होतंय."

बायनाबाईनं नवऱ्याकडं वळून बघितलं. ते अजून घड्याळाकडंच बघत होते, पण कान इकडं होते.

"सगळी काड," ती म्हणाली.

आयुष्यात एकही शूटिंग न पुसलेल्या संगमेश्वरनं एकेक भाषण पुसायला सुरुवात केली. राधाकिशनराव शेजारी बसून एकेक जाताना बघत होते. एकदा फक्त त्यांनी घसा साफ केला आणि झेंडावंदनाचं तेवढं ठेवता आलं तर बघा, असं हळूच सुचवलं. बायनाबाईनं ते ऐकलं नाही असं दाखवलं, आणि संगमेश्वरनं तेही काढलं.