पडलेला चेंडू उचलायचा कुणी?

अमेरिकेतल्या कॉलेजांनी फुटबॉलचा एक नियम चुकीचा केलेला आहे. मी तिसरी पास, राहणार कुरुंदा; पण चूक ती चूक!

नातू सूरज तिकडं शिकतो. सुट्टीत आला तो नारळासारखा लांबुळका चेंडू घेऊन. (म्हणायचं फुटबॉल आणि पळायचं हातात धरून! गडबड तिथूनच.) चार खेपांत चेंडू रेघेपार न्यायचा. "आबा, चौथ्या खेपेला चेंडू निसटला, तर ज्यानं पाडला त्यानंच उचलून पुढं पळायचं. त्याच्या जोडीदारानं उचलला तर चेंडू तिथंच मेला."

"काहून? घरातलं पडलं तर घरातल्या कुणीबी उचलावं!"

माझ्या लेकाचे सासरे, हट्टा गावचे व्याही, मुक्कामी होते. मिशीत हसले. "नियम बराबर हाय, पाहुणे."

झालं! पैज लागली. खेळून पाहायचं, हरेल त्यानं चारचौघांत म्हणायचं, 'तुमचं बराबर.' सत्तर वर्षांत हे दोन शब्द माझ्या तोंडून निघालेले नव्हते. अब्रूचा सवाल!

खळ्यावर डाव मांडला. इकडून मी आणि आमची मंडळी, पदर खोचून. तिकडून व्याही आणि विहीणबाई. पंच सूरज.

चौथी खेप. चेंडू छातीशी धरून असा सुटलो की कोंबड्या उडाल्या! रेघ चार पावलांवर, आणि धोतराचा सोगा पायात. मी आडवा, चेंडू उभा उडाला. बायकोनं सवयीनं उचलला आणि थेट रेघेपार!

"जिंकलो!" मी आडव्यानंच ओरडलो.

"न्हाई आबा. आज्जीनं उचलला, तिथंच मेला."

"आरं, बायको म्हंजे माझं अर्धं अंग! म्हंजे मीच उचलला!"

सूरज डोकं खाजवून राहिला. (अमेरिकेत हा मुद्दा कुणी काढलाच नसावा.) तेवढ्यात बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नियम बराबर हाय, सूरज. पन्नास वर्षं ह्यांच्या हातचं पडलेलं मीच उचलून राहिले. पण पुढं मिरवायचा हक्क ह्यांचाच!"

विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मी चिडलो. "बरं मालकीणबाई, तुमचं बराबर!"

"म्हणले! म्हणले!" व्याही टुणकन उडाले.

"तुमाला न्हाई! बायकोला म्हणलो!"

पण त्यांनी हट्ट्याच्या पारावर फोन लावलासुद्धा.

"सूरज, शब्द माझ्या तोंडून पडला ना? मग मीच उचलणार!"

"आबा," पोरगं शांतपणे म्हणालं, "समोरच्या गड्यानं उचलला तर त्याला कुठवरबी पळता येतं."

तवर माझा शब्द हट्ट्याला पोचून चहा पिऊन राहिला होता. मी अजून खळ्यावर आडवाच!