‘घरचा आवाज’ बंद पडला त्याची गोष्ट

मेकॅनिकचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पण त्याचा जीव अडकला होता मासिकात. घरच्या घरी स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर जुळवणाऱ्या हौशी मंडळींसाठी तो ‘घरचा आवाज’ काढायचा. स्पीकरच्या पेटीला कोणतं लाकूड घ्यावं, आत कापूस किती ठासावा, जोडाला कथलाचा डाग देताना तार कशी धरावी, हे तो इतकं सोपं करून लिहायचा, की आयुष्यात पेचकस हातात न धरलेला माणूसही वाचता वाचता बाह्या सरसावायचा. दुकानामागच्या खोलीत देशोदेशीची जुनी मासिकं छताला टेकली होती. “एक दिवस ही अंगावर पडतील आणि तुम्हाला शोधायला मला फावडं आणावं लागेल,” असं बायको म्हणायची.

बायको एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. समोरच्यानं नुसतं ‘हॅलो’ म्हटलं, की तो रडून आलाय की भांडून, हे तिला कळायचं. मासिकाचं शेवटचं पान तिचं होतं. नाव ‘ऐकून पाहिलं’. वाचक आपण बनवलेले स्पीकर पाठवायचे, ती डोळे मिटून ऐकायची आणि लिहायची. आकडे नाहीत, आलेख नाहीत. “या पेटीतला गायक नुकताच जेवून उठलाय.” “इथला पियानो शेजारच्या घरात वाजतोय, आणि दार नुसतं लोटलेलं आहे.” लोक अंक मागून उघडायचे. मेकॅनिकला त्याचा हेवा नव्हता, उलट कॉलर ताठ व्हायची.

पुढे तिनं इस्पितळातली नोकरी अचानक सोडली. “कंटाळा आला हो,” एवढंच म्हणाली. किटली शिट्टी वाजवत राहायची आणि ही शेजारीच उभी असायची. हाक मारली, तर दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला ‘ओ’ यायची. मेकॅनिकनं कानाडोळा केला. वय झालं, विचारात असेल, असं स्वतःलाच समजावलं.

मग एका शाळामास्तरांनी दोन पेट्या पाठवल्या. त्या दुपारी दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. बायकोनं आत बसून एकटीनंच ऐकलं आणि पान लिहून दिलं. झांजांचं तिनं फार कौतुक केलं होतं. “धुऊन पुसून ठेवलेल्या ताटासारख्या लख्ख,” असं.

पेट्या परत पाठवण्याआधी मेकॅनिकनं सवयीनं मागचं झाकण उघडलं. उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरच्या तारा दोन्ही पेट्यांत प्रवासात सुटल्या होत्या. झांज वाजलीच नव्हती.

बराच वेळ तो ती सुटलेली तार बोटांत धरून बसला. मग दोन्ही पेट्यांतल्या तारा डाग देऊन जोडल्या, संगीत लावलं, स्वतः ऐकलं. झांजा चिरक्या होत्या. त्यानं बायकोचा कागद ड्रॉवरमध्ये सारला आणि तिच्याच धाटणीत पान नव्यानं लिहिलं.

छापून आलेलं आपलं लिखाण ती कधी वाचत नसे, तिला त्यात चुकाच दिसायच्या. त्यामुळे गोष्ट निभावली, आणि मग चालूच राहिली. ती लिहून द्यायची, तो मान डोलावायचा, आणि अंकात दुसरंच छापायचा. “तुला ऐकू येत नाही,” हे तिच्या तोंडावर म्हणायला त्याची जीभ रेटेना.

फोडलं ते धाकट्या मेव्हणीनं, तेही भाबडेपणानं. ती राहायला आली होती. “ताई, काय सुरेख लिहिलंयस गं,” म्हणून तिनं अंक बहिणीच्या हातात दिला.

बायको तशीच दुकानात आली. तिनं अंक रेडिओच्या सुट्या भागांवर ठेवला.

“हे कोणी लिहिलं?”

त्यानं हातातला पेचकस खाली ठेवला.

“कधीपासून?”

“मास्तरांच्या पेट्यांपासून.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“आणि तू? तू का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं, हे पान गेलं तर तुमचं मासिक जाईल.”

“आणि मला वाटलं, पान गेलं तर तू खचशील.”

“बहिरी म्हणाला असतात, तर रडले असते आणि उठले असते,” ती म्हणाली. “तुम्ही मला गप्प बसवलंत, आणि माझ्याच तोंडानं बोलत राहिलात.”

त्यानंतर डॉक्टर झाले, कानात घालायचं यंत्रही झालं. त्यातून बोलणं थोडंफार कळायचं, पण गाणं म्हणजे भांडी आदळल्यासारखं. तिनं पुन्हा लेखणी धरली नाही. त्यानं तिच्या पानाशिवाय काही अंक रेटून नेले, पण मन लागेना. शेवटी मासिक बंद केलं. मागच्या खोलीतली मासिकं एका तंत्रशाळेच्या ग्रंथालयात गेली. टेम्पो भरताना ती दारात उभी होती, तरी फावड्याचं काही बोलली नाही.

बऱ्याच काळानं एक सुतार पत्ता शोधत आला. ‘ऐकून पाहिलं’ लिहिणाऱ्या बाईंना त्याला एकदा भेटायचं होतं. मांडीवर जुना अंक ठेवून तो बोलत राहिला. त्याची बायको वारल्यावर त्यानं एक स्पीकर स्वतः बनवला होता, त्या पानातल्या एका वाक्यासाठी: “हा स्पीकर दुःख मोठ्यानं सांगत नाही, शेजारी बसून सांगतो.” सांगताना त्यानं मान खाली घातली, आणि तिला काहीच कळलं नाही.

“काय म्हणाले ते?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“मासिक आवडायचं म्हणतायत.”

तिनं हसून हात जोडले. सुतार डोळे पुसत निघून गेला.

मग ती म्हणाली, “अंक त्यांच्या मांडीवर होता. मुखपृष्ठ पाहिलं मी. तेव्हा पान तुम्ही लिहीत होतात. कोणतं वाक्य आवडलं त्यांना?”

तो तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि हळूहळू, ओठ नीट हलवत त्यानं ते वाक्य सांगितलं. तिला कळलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, मग आणखी एकदा. आपलंच वाक्य ओरडून सांगताना त्याचा आवाज फाटला.

“चांगलं आहे,” ती म्हणाली. “मला नसतं सुचलं.”

आणि सुताराचा चहाचा कप उचलून ती आत गेली.