मांजरीचा अर्ज

लग्नानंतर डोंबिवलीत आम्हांला एक खोली मिळाली. घरमालक इथलाच जुना आगरी, बोलायला मोकळा, पण आईच्या शब्दाबाहेर नव्हता. त्याची अट एकच : अंगणात आईची सुकट वाळत असते, तिला धक्का लागता कामा नये. आधीच्या भाडेकरूची शेळी त्या सुकटीवरून चालत गेली होती, आणि महिन्याभरात भाडेकरूही गेला.

पुढे पत्नीने मांजरीचं पिल्लू आणलं. आम्ही ते दार लावून, दूधभातावर वाढवलं. पिल्लाची मांजरी झाली आणि दिवसभर खिडकीच्या गजांना नाक लावून ओरडू लागली.

"अहो, सोडा हो तिला थोडा वेळ. जीव आहे तो."

"अगं, समोर सुकट आहे. ती गेली की खोली गेली."

"आपली दूधभातावर वाढलेली आहे. सुकटीला तोंडसुद्धा लावायची नाही."

मांजरीच्या संस्कारांवर माझा तेवढा विश्वास नव्हता.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. वडिलांनी दुसऱ्याच्या शेतात राबून मला शिकवलं आणि गावच्या गुरुजींनी छडी हातात घेऊन अर्ज लिहायला शिकवलं. त्या दोघांचे उपकार मी विसरलो नाही. म्हणूनच काही अडलं की मी अर्ज लिहीत असे.

रविवारी सकाळी फुलस्केप घेऊन बसलो. 'सदर मांजरी शाकाहारी व मर्यादशील असून तिला दररोज एक तास अंगणात सोडण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.' समोरासमोर बोलायचा धीर नव्हता, म्हणून घडी करून कागद मालकाच्या ओटीवर ठेवून आलो.

तासाभराने मालक दारात. चेहरा उतरलेला, हातात माझाच अर्ज.

"बीएसाहेब, ह्यो कागद कुनीतरी टाकून गेला. जमिनीची नोटीस दिसते. वाचा बघू."

अख्ख्या आळीचे कागद मीच वाचून दाखवत असे, मालकाचेसुद्धा. अर्ज लिहिताना हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

घसा साफ करून मी माझाच अर्ज मालकाला वाचून दाखवला. 'मर्यादशील'पाशी चुलीजवळ पत्नीने तोंडाला पदर लावला.

"म्हंजे जमीन नाय गेली?" मालक मटकन खाली बसला.

"नाही."

"आवो, मग हाक मारायची ना! माजा जीव गेला असता!" मग त्याने अंगणाकडे तोंड केलं. "आय! बीएसाहेबांच्या मांजरीला भाईर सोडू का?"

"आता काय सोडतोस? दार उघडं टाकलंस न् ती आली बी!"

आम्ही धावलो. म्हातारी काठी घेऊन कावळे हाकत बसली होती, आणि आमची मर्यादशील मांजरी तिच्या हातातून सुकट खात होती. पत्नी माझ्याकडे बघेना.

"रोज गजांतून देते मी तिला," म्हातारी म्हणाली. "दूधभातावर येवढी वाढते व्हय कुठं? सोडत जा रं तिला. कावळे भितात."

खोली राहिली. अर्ज मात्र मालकाने परत दिला नाही. शिकलेल्या माणसाचा कागद म्हणून जमिनीच्या कागदांबरोबर पेटीत ठेवला.

संध्याकाळी मांजरी दारात येऊन उभी राहिली. सुकटीचा वास तिच्याआधीच आत आला होता. पत्नीने नाकाला पदर लावला.

"अहो," ती म्हणाली, "आता हिला आत घ्यायचं का?"